कॅनोला: हिशेब फुलोऱ्यापासून उलटा

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या वागा वागा परिसरात कॅनोला हे तेलबियांचं पीक एप्रिल-मेमध्ये पेरतात. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. 25 एप्रिलचा अ‍ॅन्झॅक दिन, म्हणजे तिथला सैनिक-स्मृतिदिन, ही पेरणीची जुनी खूणगाठ.

गैरसमज: जितकी लवकर पेरणी, तितकं जास्त उत्पादन

अर्धंच खरं. लवकरच्या पेरणीत मुळं खोल जातात, पण त्याचा लाभ उशिरा फुलणाऱ्या वाणाला. लवकर फुलणारं वाण एप्रिलच्या सुरुवातीच्या उबेत पेरलं, तर ते घाईने वाढून ऐन थंडीत फुलतं. पारा शून्याखाली गेला की फुलं जातात. ती परत येतात म्हणा, कॅनोला आठवडेच्या आठवडे फुलत राहतो. पण शेंगेतला कोवळा दाणा गोठला तर भरपाई अवघड. उलट, उशिराचं वाण मेअखेरीस पेरलं की शेंगा भरताना ऊन तापलेलं आणि ओल सरलेली. दाणा बारीक, तेल कमी. तिथे 42 टक्के तेल हा पाया धरून दर टक्क्यामागे भाव दीड टक्क्याने वर-खाली होतो, म्हणजे चूक दोनदा भोवते.

म्हणून फुलोऱ्याचा योग्य काळ आधी ठरवायचा आणि मागे मोजत वाण व तारीख जुळवायची. नुसती तारीख विचारणं निरर्थक आहे.

गैरसमज: शेत पिवळंधमक झालं की पीक हाती आलं

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे जॉन किर्कगार्ड आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर पिकावर सावली धरून पाहिली. सर्वाधिक फटका बसला तो फुलोरा सुरू झाल्यानंतरच्या 100 ते 500 अंश-दिवसांत. अंश-दिवस म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज. सरासरी 10 अंश धरली तर दहाव्या ते पन्नासाव्या दिवसापर्यंत. दाण्यांची संख्या तेव्हा ठरते. शिवाय तो देखणा पिवळा थर खालच्या पानांचा बराच उजेड अडवतो.

गैरसमज: हायब्रीड बियाणं कधीही पेरलं तरी चालतं

हायब्रीडचा जोम खरा, पण फुलण्याची वेळ त्याच्याही अंगातच असते. हिवाळी प्रकाराची वाणं तर पुरेशी थंडी सोसल्याशिवाय फुलतच नाहीत. जास्त पावसाच्या भागात ती फेब्रुवारी-मार्चमध्येच पेरतात, हिवाळ्यात मेंढ्या चारतात आणि कळ्यांचे दांडे वर येण्याआधी कळप बाहेर काढून उरलेल्या पिकाचं बी घेतात.