‘अर्थ’ आणि अनर्थ : आर्क वेल्डिंगमधील सुरक्षिततेची भाषा

विजेच्या ज्योतीने धातूचे दोन तुकडे वितळवून एकजीव करण्याच्या क्रियेस मराठी विश्वकोशाने ‘वितळजोडकाम’ असे नाव दिले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी सूचीत हे काम करणारा कारागीर ‘संधाता’ ठरतो. निगडीपासून तळवडे-चाकणपर्यंत पसरलेल्या लहानमोठ्या कर्मशाळांत मात्र या दोहोंपैकी एकही शब्द सहसा कानी पडत नाही. तेथे वेल्डिंग ‘मारतात’, टाका ‘मारतात’, आणि मारणारा तो वेल्डर. शब्दांच्या या दुहेरी व्यवहाराचा विचार बहुधा भाषाशुद्धीच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. ज्या शब्दांच्या आधाराने कामगार आपल्या कामातील धोका ओळखतो, ते शब्द त्याला धोका दाखवितात की झाकून ठेवितात, एवढाच तो प्रश्न होय.

घडविलेले शब्द लोकांच्या तोंडी बसतच नाहीत, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. उलट पुरावा निगडीतच आहे. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ मध्ये ते विसर्जितही झाले. परंतु ‘प्राधिकरण’ हा सरकारी टाकसाळीतला शब्द तेथील वस्तीचे नाव होऊन बसला असून रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सर्वजण तो सहज उच्चारतात. शब्द जड होता, पण तो लोकांच्या दाराशी आला. ‘वितळजोडकाम’ कोशाबाहेर पडून कर्मशाळेच्या दारापर्यंत गेलाच नाही. ती जागा इंग्रजी शब्दांनी घेतली, आणि ते शब्द मराठीत रुळताना त्यांच्या अर्थांची सरमिसळ झाली.

या सरमिसळीचे सर्वांत गंभीर उदाहरण ‘अर्थ’ अथवा ‘अर्थिंग’ या शब्दाचे आहे. वेल्डिंगच्या यंत्रातून दोन जाड केबली निघतात. एक होल्डरकडे जाते व त्यात रॉड धरलेला असतो. दुसरी चिमट्याने कामाच्या तुकड्याला जोडलेली असते. रॉड व तुकडा यांच्यामधील फटीत ज्योत पेटली म्हणजे प्रवाह पहिल्या केबलीने येतो व दुसरीने परत जातो. ही दुसरी केबल केवळ परतीची वाट आहे. कर्मशाळेत मात्र तिलाच ‘अर्थ’ म्हणतात, आणि चिमट्याला ‘अर्थ क्लॅम्प’. खरे भूसंपर्कन ही याहून अगदी वेगळी गोष्ट होय. त्यात यंत्राचे लोखंडी कवच स्वतंत्र तारेने जमिनीत पुरलेल्या पट्टीशी किंवा नळीशी जोडलेले असते. यंत्राच्या आतील वेष्टन खराब होऊन पुरवठ्याचा २३० किंवा ४१५ व्होल्टचा दाब कवचावर उतरला, तर प्रवाहाला जमिनीकडे वाट देऊन फ्यूज उडविण्याचे काम या तारेचे असते. चिमटा हे काम करू शकत नाही. तो ज्या मंडलात आहे त्याचा कवचाशी संबंधच नसतो.

एका शब्दात दोन वस्तू कोंबल्या गेल्याने काय होते? ‘अर्थ लावला का?’ या प्रश्नाला वेल्डर प्रामाणिकपणे ‘लावला’ असे उत्तर देतो. चिमटा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. कवचाची तार तुटून महिने लोटले असले तरी तिच्याविषयी विचारणारा शब्दच शिल्लक राहिलेला नसतो. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. चिमटा म्हणजे ‘अर्थ’ असेल, तर जमिनीला टेकलेले कोणतेही लोखंड चालावे, असे अनुमान शब्दातूनच निघते. म्हणून चिमटा कामाच्या तुकड्याला न लावता शेडच्या खांबाला, पाण्याच्या नळाला किंवा शेजारच्या यंत्राच्या पायाला लावलेला आढळतो. मग शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट घेतो: कधी क्रेनच्या साखळीतून, कधी बेअरिंगमधून, कधी दुसऱ्या यंत्राच्या खऱ्या अर्थिंगच्या बारीक तारेतून. ती तार तापून जळते, आणि ते दुसरे यंत्र कोणाला न कळत असंरक्षित होते. चिमटा जोडाच्या शक्य तितका जवळ, रंग व गंज खरवडलेल्या जागी लावावा, हा नियम ‘अर्थ’ या शब्दातून कधीच सुचणार नाही. ‘परतीची केबल’ या नावातून तो आपोआप सुचतो.

‘करंट’ या शब्दाची गत अशीच आहे. ‘करंट वाढव’ यात तो प्रवाहाचे माप असतो, ‘करंट लागला’ यात विजेचा धक्का. करंट कमी केला की धक्काही सौम्य बसेल, अशी समजूत या एकरूपतेतून दृढ होते. वस्तुस्थिती तशी नाही. चाकाची मूठ फिरवून प्रवाह कमी करता येतो, परंतु ज्योत पेटलेली नसताना होल्डरवर असणारा दाब त्यामुळे उतरत नाही. ज्योत पेटली असता हा दाब सुमारे २० ते ३० व्होल्ट असतो. ती विझताच प्रत्यावर्ती प्रवाहाच्या साध्या यंत्रात तो ७०-८० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे ज्या क्षणी वेल्डिंग ‘बंद’ आहे असे म्हटले जाते, त्याच क्षणी होल्डर अधिक घातक असतो, आणि रॉड बदलण्याचा क्षण नेमका हाच. पावसाळ्यात, घामाने भिजलेल्या मोज्यांनी, ओल्या फरशीवर उभे राहून किंवा टाकीच्या आत बसून रॉड बदलणाऱ्याला एवढा दाब प्राणघातक ठरू शकतो. कोरडे चामडी मोजे, पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी चटई, पूर्ण आवरण असलेला होल्डर, आणि टाकीसारख्या अरुंद जागी काम असल्यास मुख्य बटण हाताशी घेऊन बाहेर उभा असलेला माणूस, हे त्यावरचे उपाय होत.

डोळ्यांच्या बाबतीत फसविणारा शब्द ‘काळी काच’ हा आहे. त्यात संरक्षणाचे माप काळेपणात धरले जाते. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला जी किरणे पोळतात ती दिसतच नाहीत. ‘जंबुपार’ ही कोशातील संज्ञा येथे खरोखर अर्थवाही आहे: जांभळ्याच्या पलीकडची. बाजारातला काळा चष्मा प्रकाश मंद करतो, पण बाजूंनी व खालून येणारी ही किरणे अडवीत नाही; चेहरा व गळा तर उघडेच राहतात. हातजोडणीच्या नेहमीच्या कामास, म्हणजे शंभर-सव्वाशे अँपिअरला, साधारणतः १० क्रमांकाची प्रमाणित काच व पूर्ण मुखवटा लागतो. शिवाय इजा ताबडतोब जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. घरी त्यास ‘डोळे आले’ म्हणतात, आणि बटाट्याच्या चकत्या ठेवल्या जातात. ‘येणे’ या क्रियापदाने रोग बाहेरून आला असे ठरते व कारण असलेली ज्योत निर्दोष सुटते. तुकडा धरून नुसते तोंड फिरविणारा हेल्पर या इजेचा पहिला बळी असतो. भिंतीवरून परावर्तित झालेली किरणे त्याला गाठतात. वेल्डरला दुसरी भीती मुखवटा वर केल्यानंतरची. गरम मळी ठोकून काढताना तिचे कण उडतात, तेव्हा डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा हवाच.

‘धूर’ या शब्दाबद्दल थोडक्यात सांगता येईल. चुलीच्या धुरासारखाच हा धूर, गूळ खाल्ला की उतरतो, अशी समजूत आहे. वास्तविक तो वाफ झालेल्या धातूचा व रॉडवरील लेपाचा अतिसूक्ष्म कणसंभार असतो, आणि गुळाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर काम केल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो व एक-दोन दिवसांत उतरतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो अधिक जोराचा असतो, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकात त्यास सोमवारचा ताप म्हणत. पिंपरी-चिंचवडच्या ज्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तेथे तो शुक्रवारचा ताप म्हणावा लागेल. आणि हवापालटाचा ताप समजून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. जोडाच्या जागेवरील जस्त आधी घासून काढणे, डोके धुराच्या लोटात न नेणे आणि धूर उगमापाशीच ओढून घेणे हे उपाय साधे आहेत.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने डोळ्यांच्या संरक्षणाची व ज्वालाग्राही पदार्थांच्या टाक्या स्वच्छ केल्याविना वेल्डिंग न करण्याची तरतूद केली होती. त्याच्या १०८व्या कलमान्वये सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतली. परंतु सूचनेची भाषा कोणती, हा प्रश्न येथे पुरेसा नाही. निगडीच्या एकाच शेडमध्ये मराठवाड्याचा, उत्तर प्रदेशाचा आणि बिहारचा कामगार शेजारी उभे असतात, आणि ‘अर्थिंग’ हा शब्द सर्वांच्या बोलीत तोच आहे, चुकीच्या अर्थासह. म्हणून ‘अर्थिंग तपासा’ ही पाटी मराठीत लिहा वा हिंदीत, वाचणारा चिमट्याकडेच पाहील. पाटीवर दोन वेगळ्या ओळी हव्यात: ‘परतीची केबल कामाच्या तुकड्यालाच लावा’ आणि ‘यंत्राच्या कवचाची जमिनीत जाणारी तार शाबूत आहे का ते पाहा’. दुसरी ओळ यंत्राच्या कवचावर, त्या तारेच्या बोल्टाशेजारीच रंगविलेली असावी.