शालीसोबत कागदही द्या

कलावंताचा जन्मभराचा गौरव म्हटला की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि टाळ्या. तोही बहुधा उशिराच. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदक मिळाले. तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाची शहाण्णव वर्षे उलटल्यावर.

ब्रिटनमध्ये १९७४ साली ‘गोल्ड बॅज’ हा सन्मान सुरू झाला. तो देणारी संघटना गीतकार-संगीतकारांची. तिने नामवंतांबरोबर संगीतासाठी पडद्याआड राबणाऱ्यांचीही कदर केली. आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते. लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी खेड्यापाड्यांत पोहोचवली ती गावोगावच्या गायन पार्ट्यांनी. पण पत्रकावर नाव येते गायकाचे. ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस धरणाऱ्या बाया ‘आणि संच’ या दोन शब्दांत संपतात.

पांढरकवड्याच्या आसपास १४ एप्रिलला हीच माणसे रात्र जागवतात. म्हातारपणी त्यांच्यासाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. त्यासाठी पन्नाशी ओलांडलेली हवी. वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला धावपळ करून मिळतो. अडते ते कलेच्या पुराव्यावर. चाळीस वर्षे ढोलकी बडवलेल्या माणसाच्या घरी एक पत्रक सापडत नाही. हातावरचे घट्टे अर्जाला जोडता येत नाहीत!

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाची किंमत आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जयंती मंडळांना आणि महिला मंडळांना आमची विनंती आहे. पत्रकावर संचातील प्रत्येकाचे पूर्ण नाव छापा. कार्यक्रम संपला की गाव, तारीख आणि सही-शिक्का घालून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्या. त्याची एक प्रत मंडळाच्या फाइलीत ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी आजोबांची, आजीची जुनी पत्रके, फोटो, बातम्यांची कात्रणे एका पिशवीत जमवावीत आणि अर्जही स्वतः भरून द्यावा.

शोकसभेत आपण भाषणे करतोच. त्याआधी, माणूस हयात असताना, एवढा एक कागद त्याच्या हाती पडू द्या. जयभीम!