तहावरची तारीख

महाडाहून नाते गावावरून ज्या रायगडाकडे वाट जाते, त्या गडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या सोहळ्यास हजर होता आणि त्याच महिन्यात त्याने महाराजांशी तह केला. राज्य आधी उभे राहिले. परक्यांची मान्यता मागाहून आली. तीनशे वर्षांनंतर गोमंतकाच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा दिसला.

१५१० पासून पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेला गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे भाग ठरले. सालाझार व त्यांच्यामागून आलेले काएतानो यांनी मात्र ही गोष्ट अखेरपर्यंत मान्य केली नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी तहावर सह्या केल्या.

गोवा तर आधीच मुक्त होता; मग या कागदाची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. उत्तर तहाच्या पहिल्याच कलमात आहे. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या दिवशी भारतात समाविष्ट झाले, त्या दिवसापासूनचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले. तेथे सहीच्या दिवसाची तारीख पडती, तर मधली तेरा वर्षे भारत परक्या भूमीवर बसला होता, असा अर्थ निघाला असता. गोमंतकाचे स्वातंत्र्य हे लिस्बनचे दान ठरले असते. तहाने स्वातंत्र्य दिले नाही. त्याने त्यावरचा परका दावा कायमचा मिटविला आणि दोन राष्ट्रांतील तुटलेले संबंध पुन्हा जोडले. हे काम तलवारीचे नव्हे, लेखणीचेच होते.

परंतु सार्वभौमत्वाचा वापर कसा करावा, हे कोणताही तह सांगत नाही. ते लोकांनी ठरवावयाचे असते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. तो कौल आपल्यापैकी अनेकांना रुचला नव्हता. पण भूमीचा निर्णय तेथील माणसांचा, हे तत्त्व पोर्तुगालला ऐकविताना गोड वाटत असेल, तर ते स्वतःला ऐकवितानाही कडू लागू नये, असे आम्हांस वाटते.