नाण्यांतील जन्मदोष

सुट्या पैशांत कधीकधी एखादे विलक्षण नाणे हाती येते. एखाद्याची कड चंद्रकोरीसारखी तुटलेली असते, एखाद्यावरील अक्षरे उलटी दिसतात, तर एखाद्याच्या अंगावरून आडवी रेघ गेलेली असते. अशी नाणी दुर्मिळ म्हणून भरपूर मोल देऊन घेणारे हौशी लोक आहेत. आणि साधेच नाणे ठोकून-घासून त्यांच्या गळ्यात बांधणारे लबाडही आहेत. म्हणून नाण्याचा दोष टांकसाळीत जन्मलेला, की मागाहून आलेला, हे पारखता येणे अगत्याचे आहे.

त्यासाठी नाणे कसे पाडतात हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात. चकतीची कड यंत्रात दाबून किंचित उचलून घेतात. मग ती चकती पोलादी कड्याच्या आत, वर-खाली असलेल्या दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाने दाबली जाते. त्या क्षणी तो कठीण धातू मेणासारखा सरकतो आणि ठशाच्या प्रत्येक खोलगट जागेत शिरतो. धातूचे हे सरकणे हीच साऱ्या परीक्षेची किल्ली होय.

प्रथम रेघ घ्या. ठसा वापरून वापरून तडकला, म्हणजे त्या तड्यात धातू शिरतो व नाण्यावर उंचवट्याची रेघ उमटते. खिळ्याने ओढलेला ओरखडा मात्र खोलगट असतो.

तुटलेल्या कडेचा निकाल इतका सोपा नाही. चकती कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर आधीच्या भोकाचा भाग नव्या चकतीत येतो व ती कोरीसारखी निघते. तिच्यावर ठसा पडताना धातू त्या रिकाम्या जागेकडे सरकतो. म्हणून जवळची अक्षरे ओढल्यासारखी, पुसट होतात. शिवाय कड उचलणाऱ्या यंत्रात तेथे दाब न मिळाल्यामुळे नेमकी समोरची कडही बहुधा दुबळी राहते. कानशीने घासलेल्या नाण्याची अक्षरे मात्र चाकूने कापावीत तशी तुटतात आणि समोरची कड भरदार असते. येथे तराजू उपयोगी पडत नाही. १९९२ सालापासून निघालेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. पण चकती अपुरी असो की नाणे घासलेले असो, वजन दोहोंचेही कमीच भरणार!

उलट्या अक्षरांचे नाणे तर फारच मौजेचे. पाडलेले नाणे कधी वरच्या ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी तेच दाबले जाते. अशा चकतीच्या एका बाजूला नेहमीचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे व खोलगट उमटते. शेगड्यात दोन नाणी एकमेकांवर दाबूनही उलटी अक्षरे उठविता येतात. परंतु त्यांच्याखाली मूळ चित्राचे चेपलेले अवशेष दिसतातच.

काही जण सालाखालच्या बारीक खुणेलाही दोष समजतात. वस्तुतः ती टांकसाळीची निशाणी असते. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा. कोलकात्याची खूण नसते.

हे सारे नियम यंत्राने पाडलेल्या नाण्यांचे. तांब्याच्या शिवराईला ते लावू नयेत. ती हाताने, हातोड्याच्या घावाखाली पाडली जाई. ठसा चकतीहून मोठा असे आणि चकतीही पुरती गोल नसे. त्यामुळे 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' यांतील एखादे अक्षर अर्धेच उतरे. तो दोष नव्हे आणि झीजही नव्हे. उलट सगळी अक्षरे नीट उतरलेली शिवराई हाती लागली, तर संग्राहक तिला जिवापाड जपतो.