बँजोची तार आणि डहाणूची खारी हवा

लग्नाच्या वरातीत वाजणारा आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचे मूळ जपानच्या ‘ताइशोगोतो’त आहे, ते वाद्य १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी घडवले.

कळ दाबली की तार पडद्यावर टेकते आणि तिचा कंप पावणारा भाग आखूड होतो. लांबी निम्मी झाली की सूर एक सप्तक चढतो. जाड तार खर्जात बोलते, बारीक तार वरच्या सुरात. म्हणून नवी तार जुनीच्याच जाडीची घ्यावी. जास्त जाड तार त्याच सुराला चढवली, तर ताण वाढून लाकूड वाकू शकते.

पोलादी तारेचा शत्रू गंज. डहाणूच्या किनाऱ्यावर हवेतले क्षार ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे तार लवकर गंजते. शेजारची तलासरी समुद्रापासून आत असली, तरी पावसाळी दमटपणा तिथेही असतोच. गंजलेल्या तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, म्हणून ती नीट सुरात लागत नाही.

वाजवून झाल्यावर तारा आणि पडदे कोरड्या सुती फडक्याने पुसा. पडद्यांना तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटते. काळे ठिपके दिसले, की लग्नसराईआधीच तारा बदला. मात्र एका वेळी एकच, म्हणजे वाद्यावरचा ताण एकदम सुटणार नाही.