आधी दिवा, सोबत हेल्मेट: सायकलस्वारांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जयपूरच्या पूर्वेकडची राजा पार्क ही वस्ती फाळणीनंतर आलेल्या पंजाबी आणि सिंधी कुटुंबांनी वसवली. आज तिथला बाजार शहरातल्या गजबजलेल्या बाजारांपैकी एक आहे. संध्याकाळी पंचवटी सर्कलभोवती मोटारी, ई-रिक्षा आणि स्कूटरची दाटी होते. तिच्यातून सायकलीही वाट काढत असतात. त्यांवर दुकानांतले नोकर असतात, रात्रपाळीचे चौकीदार असतात, शिकवणीहून परतणारी मुलं असतात. डिसेंबरात इथे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, जानेवारीत उगवायला सव्वासात वाजतात. कामावर जाणं आणि घरी परतणं, दोन्ही अंधारात. त्यात काही दिवस धुकं. तरीही मागे लाल दिवा लावलेली सायकल क्वचितच दिसते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांत ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही. त्यामुळे सायकलस्वाराचा निर्णय त्याच्यावरच सोडलेला असतो आणि तो बहुतेकदा ऐकीव समजुतींवर घेतला जातो. त्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज १: रस्त्यावर एवढा उजेड आहे, सायकलला दिवा कशाला?

वस्तुस्थिती: बाजारातल्या उजेडात आपल्याला रस्ता दिसतो. पण मागून येणाऱ्या चालकाला आपण दिसतोच असं नाही. दुकानांच्या झगमगत्या पाट्या आणि समोरून येणारे हेडलाइट यांच्या गर्दीत गडद कपड्यांतला सायकलस्वार हरवून जातो. मुख्य रस्ता सोडून गल्लीत वळलं की तो उजेडही संपतो.

साधा हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २१ मीटर गेलेच. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी किमान १४ मीटर लागतात. म्हणजे चालकाला आपण निदान ३५ मीटर आधी दिसलो पाहिजे. मागचा लाल दिवा हे काम शे-दोनशे मीटरवरून करतो.

दिव्याचा उपयोग दिवसाही होतो. डेन्मार्कच्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये सुमारे ३,८०० सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या सायकलींना चुंबकावर चालणारे, सायकल धावत असेपर्यंत पेटते राहणारे दिवे बसवले होते. त्यांना इजा होणाऱ्या अपघातांचं प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळलं.

गैरसमज २: कंपनीने रिफ्लेक्टर दिलेत, तेवढे पुरेत.

वस्तुस्थिती: रिफ्लेक्टर हवेतच. २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर पडलेला झोत तो आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून गाडीचा हेडलाइट थेट त्याच्यावर पडला तरच चालकाला तो चमकताना दिसतो. आडव्या गल्लीतून गाडी बाहेर येते तेव्हा तिचा झोत आपल्यावर पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पादचारी आणि हेडलाइट बंद ठेवून येणारा स्कूटरवाला यांच्यासाठी तर रिफ्लेक्टर नसल्यातच जमा. शिवाय राजस्थानच्या धुळीत तो आठवडाभरात मळतो. फडक्याने पुसायची सवय हवी, आणि जोडीला दिवा हवाच.

गैरसमज ३: भडक पिवळं-हिरवं जॅकेट रात्रीही लांबून दिसतं.

वस्तुस्थिती: असे फ्लोरोसंट रंग उन्हातल्या अतिनील किरणांमुळे झळकतात. सूर्य मावळला की ती झळाळी जाते. रात्री कामाला येते ती रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे प्रकाश परतवणारी पट्टी. ती कुठे लावली आहे, यालाही फार महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बंदिस्त रस्त्यावर रात्री चालकांची चाचणी घेतली. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार चालकांनी अवघ्या २ टक्के वेळा ओळखला. नुसतं फ्लोरोसंट जॅकेट असताना हे प्रमाण १५ टक्के होतं, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असताना ५० टक्के. त्या जॅकेटच्या जोडीला घोट्यांवर आणि गुडघ्यांवर पट्ट्या बांधल्या, तेव्हा ते ९० टक्क्यांवर गेलं.

याचं कारण असं की पेडल मारताना पाय सतत वरखाली होतात. ही हालचाल दिसली की समोर माणूस आहे हे मेंदूला तत्काळ कळतं. सायकलवाल्यांसाठी यातली सर्वात स्वस्त युक्ती हीच: दोन्ही घोट्यांवर एकेक चमकती पट्टी.

गैरसमज ४: दिवा जितका प्रखर आणि जितका लुकलुकता, तितका चांगला.

वस्तुस्थिती: पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर त्याला काहीच दिसत नाही, आपणही नाही. झोत किंचित खाली, रस्त्यावर पडेल असा बसवावा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरं. पण अंधाऱ्या रस्त्यावर नुसत्या लुकलुकीवरून सायकल किती लांब आहे याचा अंदाज घेणं अवघड जातं. जर्मनीत सायकलीला लुकलुकणारे दिवे लावायला परवानगी नाही, ब्रिटनमध्ये ती २००५ पासून आहे. दोन्ही देशांचा एका गोष्टीवर मात्र भर आहे: पुढे पांढरा आणि मागे लाल. अंधारात दिवा स्थिर ठेवावा. मागे दुसरा दिवा असेल तर तो हवा तर लुकलुकता ठेवावा. आणि मागचा दिवा दप्तर, शर्ट किंवा कॅरिअरवरच्या सामानाखाली झाकला जात नाही ना, हे निघण्यापूर्वी बघावं.

गैरसमज ५: हेल्मेट घातलं की काळजी मिटली. (किंवा उलट: त्या थर्मोकोलने काय होणार?)

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची आहेत. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकानुसार सायकल हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून पोलादी पृष्ठभागावर आपटून तपासतात, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटरचा आघात. सायकलवरून पडून डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा आघात साधारण याच प्रतीचा असतो. आतला फोम चेपतो आणि आघाताचा जोर स्वतःवर घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं असतं.

ऑलिव्हिए आणि क्रेटन या संशोधकांनी ४० अभ्यासांतल्या ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासली. त्यांना हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हेल्मेटमुळे मानेला इजा होते, या समजुतीला त्यांना आधार मिळाला नाही.

पण भरधाव गाडीच्या धडकेसाठी हे हेल्मेट बनवलेलं नसतं. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांच्या सायकलला मागून कॅबने धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. अशी धडक टाळता आली तरच जीव वाचतो. ती टाळणं हे वेगमर्यादा पाळणाऱ्या चालकाचं आणि रस्ता बांधणाऱ्यांचं काम आहे.

गैरसमज ६: नेदरलँड्समध्ये कोणी हेल्मेट घालत नाही, मग आपण का घालावं?

वस्तुस्थिती: तिथे सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत, वस्तीत गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणलेला आहे आणि मोटार चालवणारा स्वतःही सायकल चालवणारा असतो. गोविंद मार्गावर सायकलवाल्याच्या एका बाजूला बस असते आणि दुसऱ्या बाजूला उभ्या मोटारीचं कधीही उघडणारं दार. डच सायकलस्वाराची सवय उचलायची तर आधी त्याचा रस्ता इथे यायला हवा. ती मागणी जोरात करावी, आणि तोवर हेल्मेट घालावं.

गैरसमज ७: हेल्मेट डोक्यावर असलं म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं आणि न लावलेला पट्टा ते पहिल्याच आघातात उडवून देतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, सपाट बसावं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी कानाला खालून घेरावं आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट मावावं. मग मान जोरात हलवून पाहा; हेल्मेट डुलता कामा नये. मुलाला "मोठेपणीही होईल" म्हणून ढगळ हेल्मेट घेऊ नका.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा. दिवा अपघातच टाळतो, हेल्मेट अपघात झाल्यावर डोकं वाचवतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी मागचा लाल दिवा घ्या. तो काहीशे रुपयांत येतो आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो. नंतर पुढचा दिवा, घोट्यांच्या पट्ट्या आणि हेल्मेट.

रोज अंधारात सायकल चालवणाऱ्यांपैकी पुष्कळांना मात्र हे काहीशे रुपयेही जड जातात. रात्री दुकान बंद करून लांबच्या वस्तीत परतणारा नोकर, पहाटे गेटवर हजर होणारा चौकीदार यांच्या सायकलीला दिवा लावणं हे त्यांना कामावर ठेवणाऱ्याचं कर्तव्य मानायला हवं. राजा पार्कमध्ये असो वा पुण्याच्या पेठांत, प्रत्येक दुकानमालकाने आणि प्रत्येक सोसायटीने आपल्याकडे सायकलवर येणाऱ्या माणसाला या आठवड्यातच एक लाल दिवा घेऊन द्यावा, आणि तो त्याच्या सायकलीला बसवूनही द्यावा.