एका पत्त्यावर सारा टोला



मागे आमच्या एका गटाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. कागद तयार, नेट चालू. पण पडद्यावर आले, 'या पत्त्यावरून फार वेळा प्रयत्न झाले, नंतर या.' आमचा तर तो पहिलाच प्रयत्न! शेवटची तारीख जवळ, आणि बाया मजुरी पाडून आलेल्या. मग आम्ही विचारपूस केली. जे समजले ते आज सांगतो.

आतल्या टोल्यावरचे पत्र कधी कधी किराणा दुकानाच्या पत्त्यावर येते. दुकानदार ज्याचे त्याला देतो. इंटरनेटवरही प्रत्येक जोडणीला पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत आणि जगात माणसे ८०० कोटींच्या वर. २०११ मध्ये जगाचा मुख्य साठा संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यावर बसवतात. त्यातल्या एकाने खोडी केली की पत्ता अडतो आणि शिक्षा साऱ्या टोल्याला. फसवणूक झाली तर नेमका माणूस शोधणेही अवघड जाते.

यावर उपाय म्हणजे नवी पद्धत, आयपीव्ही६. तिच्यात पत्ते किती? ३४० लिहून पुढे ३६ शून्ये द्या, इतके. प्रत्येक घराला, प्रत्येक फोनला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. बऱ्याच मोबाइल कंपन्यांनी ती घेतली आहे. तारेच्या जोडणीत मात्र जुने मोडेम आडवे येतात. ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी तारेची जोडणी नव्या पद्धतीवर चालणारी हवी, असे केंद्राच्या दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितले आहे.

एक गोष्ट खरी सांगतो. टॉवर नसेल, लाइट गेली असेल, तर नवा पत्ता काही रेंज आणत नाही. ती मागणी वेगळी, तीही करायचीच.

मग आपण काय करायचे? फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि आयपी ॲड्रेस पाहा. २ ने सुरू होणारा, मध्ये विसर्गासारखी टिंबे असलेला लांब पत्ता दिसला, तर नवी पद्धत सुरू आहे. फक्त चार आकडे आणि मध्ये पूर्णविराम दिसले, तर जुनीच. गटाच्या कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत जोडणी घेताना विचारा, "भाऊ, यावर आयपीव्ही६ चालते का? मोडेम जुना तर नाही?"

पैसे आपण पूर्ण भरतो. मग पत्ता उसना का घ्यायचा?